अकरा नव्हे, सहा

मला चुका काढायची खोड आहे आणि त्याच खोडीचा मला पगार मिळतो. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. लाइनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, व्हर्नियर लावायचा, मापात नसेल तर लाल ट्रेमध्ये टाकायचा. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. बायको म्हणते, तुम्हाला भाकरी वाढली तरी तुम्ही आधी काठ बघता. ते खरं आहे. पण या खोडीपायी एकदा दोन घरं तुटली, आणि ती तोडणारा मी होतो.

आमच्या गावात सरपंचपदाची निवडणूक होती. माझा चुलतभाऊ उभा होता, थोरल्या काकांचा मुलगा. काकांचं घर रस्त्याला लागून आणि आमचं त्याच्या मागे. आमच्याकडे यायची वाट त्यांच्या अंगणाच्या कडेनं. वडील गेल्यापासून काकाच आमचे वडीलधारे. काकांची बायको ही माझी सख्खी मावशी. दोघी बहिणी एकाच मांडवात दोघा भावांना दिलेल्या, आई धाकटी. मावशीला साखरेचा आजार, घरात तिला फिका चहा मिळायचा. म्हणून रोज दुपारी ती आमच्याकडे यायची आणि आईच्या हातचा गोड चहा चोरून प्यायची. चोरून म्हणजे काय, सगळ्या आळीला माहीत होतं.

चुलतभाऊ मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. चार गाड्या घेऊन कंपन्यांच्या गेटवर जायचं आणि भंगाराचा ठेका दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायचा नाही, हा त्याचा धंदा. एकदा कपाळावर टाके घेऊन आला. दोन दिवस पोलीस विचारत फिरत होते. तरी मत मी त्यालाच दिलं. कुरकुरत दिलं, पण दिलं. भावकी म्हटल्यावर दुसरं काय करणार?

तालुक्याला मोजणी झाली आणि दुपारी फोन आला. अकरा मतांनी पडला.

संध्याकाळपर्यंत समोरच्या पार्टीचा फ्लेक्स फाट्यावर लागला. ‘प्रचंड मतांनी विजयी.’ अकरा मतांना प्रचंड म्हणायला वेगळीच जीभ लागते. मिरवणूक काकांच्या दारासमोर आली तेव्हा डीजे मुद्दाम थांबला, आवाज वाढला, आणि गुलाल अंगणातल्या तुळशीपर्यंत उडाला. काका ओट्यावर बसून बघत होते. चुलतभाऊ आत होता. मिरवणूक पुढे गेल्यावर मावशीनं बादलीभर पाणी आणून अंगण धुतलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओट्यावर भावकी जमली आणि अकरा या आकड्याचा अर्थ लावायला सुरुवात झाली. नोटाला एकोणीस मतं पडली होती, तेव्हा एकजण म्हणाला, “म्हंजे निवडून आलेला बी गावाला नको हाय. ह्याला काय लीड म्हन्त्यात व्हय?” दुसरा म्हणाला, एका मतानं पडलं तरी पडलंच, पाच वर्षं शिक्का त्याच्याकडंच राहणार. तिसऱ्याला फेरमोजणी हवी होती. काका कुणाचंच ऐकत नव्हते.

“अकरा जनांनी घात केला,” ते म्हणाले. “बाहेरच्यांनी न्हाई. आपल्यातल्याच. अकराच्या अकरा हुडकायचे.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. कुणी मला विचारलं नव्हतं. पण समोर चुकीचं माप दिसलं की माझ्या जिभेला खाज सुटते.

“अकरा नव्हे काका, सहा,” मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बरं वाटलं. मी समजावून सांगितलं. एक माणूस इकडून तिकडे गेला की आपलं एक कमी होतं आणि त्यांचं एक वाढतं, म्हणजे फरक दोनाचा पडतो. सहा माणसं तिकडे न जाता इकडे राहिली असती तर बाराचा फरक पडला असता आणि आपण एका मतानं आलो असतो. मी खिशातलं पेन काढून पेपराच्या कडेला मांडूनसुद्धा दाखवलं. ट्रेनिंगला आलेल्या पोरांना शिकवतो तसं.

 दोघंतिघं बोटांवर मोजत होते. मग जो फेरमोजणी मागत होता तोच सावकाश म्हणाला, “सहा. म्हंजे एका घरातली बी असू शकत्यात की.”

“तुमच्यात किती मतं हायती रं?” काकांनी मला विचारलं.

मी उत्तर देण्याआधीच वाटेवरून येणारी माझी मुलगी म्हणाली, “सहा.” तिचं हे पहिलंच मत होतं, तिला त्याचा अभिमान होता. मी, बायको, आई, धाकटा भाऊ, भावजय आणि ही. तिनं बोटांवर मोजूनही दाखवलं. माझीच मुलगी ती.

त्यानंतर आधी कुणाच्या लक्षातही नसलेल्या गोष्टी पुरावे झाल्या. मतदानादिवशी मी फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसनं फाट्यावर उतरलो होतो. तिथं समोरच्या पार्टीच्या एका पोऱ्यानं मला जीपमध्ये घेतलं आणि शाळेच्या दारात सोडलं. वेळ संपत आली होती, मी बसलो. चाळीस जणांनी ते बघितलं होतं. धाकट्या भावानं घरावर बॅनर लावू दिला नव्हता, तेही आठवलं. गौरी-गणपतीत मी चुलतभावाला भंगाराच्या धंद्यावरून चार शब्द ऐकवले होते, तेही. आपल्याच पायानं लाल ट्रेमध्ये जाऊन बसल्यासारखं झालं.

चुलतभाऊ तेव्हा पहिल्यांदा बाहेर आला. “दादा,” तो म्हणाला, “आकडा तुज्याच तोंडातनं निघाला. मी न्हाई म्हनलं.”

मी त्याच्या अंगावर गेलो. दोघांनी मला धरलं, तिघांनी त्याला. आमच्यात हातघाईची वेळ त्याआधी कधी आली नव्हती.

काकांनी निवाडा केला. दोन दिवसांनी देवळात बेलभंडारा उचलायचा. तळहातावर बेलाचं पान आणि हळद घेऊन देवासमोर सांगायचं की मत आपल्या माणसालाच दिलं. आमच्याकडे यानंतर वाद राहत नाही, कारण खोटा बेलभंडारा उचलणाऱ्याचं घर बसतं असं जुने लोक मानतात. काका कडक असले तरी पक्षपाती नव्हते. “आधी तुमी सहा जन, मग बाकीची भावकी, शेवटाला माजं घर,” ते म्हणाले. “माजी बायकू, सून, कुनी बी सुटनार न्हाई.”

मला आनंद झाला. आम्ही सहाही जण खरे होतो. दहा मिनिटांत सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

देवळात अर्धा गाव जमला. मी उचलला. मोठ्यानं बोललो, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. भावानं उचलला. बायको, भावजय, मुलगी.  मग आईची पाळी आली. पुजाऱ्यानं बेलाचं पान पुढे केलं. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“मी उचलनार न्हाई,” ती म्हणाली.

मला वाटलं गुडघे दुखतायत, उभं राहवत नसेल. मी तिला धरायला गेलो. तिनं माझा हात झटकला.

“का उचलनार न्हाई?” काकांनी विचारलं.

“मत गुपित असतंय. मतदान करून घ्यायला आलेल्या मास्तरनं सांगितलंय.”

मागे कुणीतरी हसलं. काका तीन वेळा विचारत राहिले, ती तीन वेळा तेच बोलली. चुलतभाऊ चपला घालत आईला म्हणाला, “झालं की मग. मावशी, तू गं? मला अंगाखांद्यावर खेळवलंस.” आणि निघून गेला. चोर सापडल्यावर पुढची झडती कोण घेतं? लोक उठले. बाकीच्या भावकीनं बेलभंडारा उचललाच नाही. मावशी खांबाला टेकून उभी होती, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिनं आईकडे बघितलं नाही आणि तेव्हा मला तिचाही राग आला. पाठची बहीण, तिच्या बाजूनं एक शब्द टाकवला नाही तिला.

घरी जाताना मी आईला वाटेल ते बोललो. आम्ही पाच जणांनी देवापुढं खरं सांगितलं, आणि तू एका हट्टापायी सगळ्यांना खोटं पाडलंस. तू दिलंस का त्यांना मत? दिलं असशील तर तसं सांग, निदान आम्ही मोकळे होऊ. आई पुढे चालत राहिली. घरी गेल्यावर तिनं चुलीवर पाणी ठेवलं, आणि त्या दुपारी पहिल्यांदा मावशी चहाला आली नाही.

तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. काकांच्या हद्दीतून जाणारी आमची वाट होती, तिच्यावर आडवा चर मारला, कमरेएवढा खोल. गाडी बंद, पायी जाणंही बंद. आता ओढ्याच्या बाजूनं वळसा घालून यावं लागतं. धाकटा भाऊ महिन्याभरात रावेतला भाड्यानं राहायला गेला. म्हणाला, मला कंपनी जवळ पडते. त्याला कंपनी जवळ पडत नाही, उलट लांब पडते. मी तेही त्याला सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

कंपनीत मला लोक विचारायचे, काय भावा, किती लीडनं पडला तुमचा माणूस? मी अकरा म्हणायचो आणि विषय बदलायचो. सहाचा हिशेब मी पुन्हा कुणाला सांगितला नाही.

चार-पाच महिने गेले. दोन बहिणींची घरं हाकेच्या अंतरावर आणि त्यांच्यात शब्द नाही. दुपारी आई दारात बसायची, चराच्या पलीकडे बघत. तिचे गुडघे आणखी बिघडले. एका रविवारी माझा बांध फुटला. मी तिला म्हणालो, “अजून वेळ गेलेली नाही. मी काकांना हात जोडतो. तू एकदा उचल आणि संपव.”

“मी त्यालाच दिलं व्हतं मत,” आई म्हणाली.

“मग तेव्हा उचलायला काय झालं होतं?” मी विचारलं.

“मी उचलला असता तर पाळी पुढं गेली असती. सगळी भावकी झाली असती. मंग शेवटाला तिची आली असती.”

मला तरी कळेना. मग कळलं.

“मावशीनं?” मी म्हणालो. “पोटच्या पोराला?”

“टाके घालून आला तवा गाडीतलं रगात तिनंच पुसलं. त्याच्या सीटखाली काय असतंय ते बी तिलाच म्हाईत. सरपंच झाला तर पोरगं हातात राहायचं न्हाई, म्हनली. मतदानाच्या आदल्या दुपारी हितंच बसून सांगितलं तिनं. आता देवापुढं हातात बेल घेऊन ती काय बोलनार व्हती? खरं बोलली तर घरातनं जानार, खोटं बोलली तर जल्मभर पोराकडं बघून भ्यायची.”

मी खाली बसलो. आईवर मी काय काय ओरडलो होतो ते एकेक आठवायला लागलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी म्हणालो, “पण तिचं एकच मत. एकानं अकराचं काहीच होत नाही.”

“मंग बाकीची पाच तू हुडक,” आई म्हणाली. “तुला हिशेब येतोय.”

हे तिनं शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त लागलं. मग ती उठली, चहा टाकला आणि स्टीलच्या पेल्यात ओतून माझ्या हातात दिला. “ती आता मागं धुणं वाळत घालत आसंल. चर तुज्यामुळं पडलाय, तूच जा. आन् तिला सांग, एका मतानं पडला न्हाई म्हनावं. तिला रोज तेच खात आसंल.”

मी पेला घेऊन चराच्या काठावर गेलो. मावशी खरंच धुणं वाळत घालत होती. मला बघून तिनं आधी मागं घराकडे बघितलं, मग पुढे आली. मी चरात उतरलो, पेला वर केला, आणि तिनं वाकून घेतला. उभ्यानंच प्यायला लागली. इतक्या महिन्यांत ती वाळली होती.

“मावशी,” मी खालून म्हणालो, “तो अकरा मतांनी पडला. एका मतानं नाही. तू दिलं असतंस तरी पडलाच असता. तुझ्यामुळं काहीच झालेलं नाही.”

तिनं पेला खाली घेतला. मला वाटलं होतं, ती रडेल.

“माजं मत मोजलं व्हतं नव्हं त्यांनी?” तिनं विचारलं.

“व्हय. मोजलं की.”

“मंग झालं,” ती म्हणाली. उरलेला चहा संपवून तिनं पेला माझ्या हातात दिला. “आन् तिला सांग, आज साखर कमी पडलीया.”