कंचनभाभीचं दार सोडून

संवत्सरीला, आम्हा जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, मी गुजरातेतल्या पाटणच्या आमच्या गल्लीत दारोदार हात जोडत फिरते. "मिच्छामि दुक्कडम! वर्षभरात दुखवलं असेल तर क्षमा करा." भाजीवालीला म्हणते, पोस्टमनला म्हणते, ज्यांच्याशी वर्षात चार शब्द बोलले नाही त्यांनाही म्हणते. क्षमा मागण्यात माझा हात धरणारं कोणी नाही! फक्त थोरल्या जावेचं, कंचनभाभीचं, दार सोडायचं. असं नऊ वर्षं सोडलं.

कारण ऐका. माझ्या लेकीच्या लग्नात, भर पंगतीत, कंचनभाभीनं माझा खाकरा उचलून विचारलं, "जशू, हा खाकरा की भाकरी?" व्याही मंडळी खो खो हसली. अहो, माझा खाकरा! पलीकडचा माणूस दिसावा इतका पातळ! तेव्हापासून रोज लाटताना मी भाभीला मनातल्या मनात उत्तरं द्यायची, एकाहून एक झणझणीत. तेवढ्यात तव्यावरचे खाकरे करपायचे, दुपारी डोकं ठणकायचं, रक्तदाब चढायचा. डॉक्टर म्हणाले, "जशुबेन, गोळ्या दुप्पट केल्या तरी फरक नाही. राग कोणावर धरलाय?"

"मी? मी तर मुंगीवरसुद्धा रागवत नाही," मी सांगितलं. तोंड वर करून!

यंदा संवत्सरीच्या व्याख्यानात महाराजसाहेब म्हणाले, वर्षाहून जास्त पोसलेला राग सगळ्यांत वाईट. मी बोटं मोजली आणि मान खाली घातली. बाहेर पडताना कळलं, कंचनभाभी उद्या सुरतेला मुलाकडे कायमची चाललीय. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

निघाले. वाटेत भाषण तयार केलं: चूक तुमची, तरी मोठ्या मनानं मीच येतेय. क्षमा मागायला निघाले होते की स्वतःचा सत्कार करून घ्यायला, देव जाणे.

भाभी ट्रंकेत साड्या भरत होती. मी हात जोडले. "भाभी, मिच्छामि दुक्कडम. तुम्ही चारचौघांत माझ्या खाकऱ्यांची अब्रू काढलीत, तरीही मी..."

"काढली," ती म्हणाली. "मुद्दामच काढली. चुकलं माझं. पण जशू, त्या लग्नाआधी तीन आठवडे माझी आई गेली होती. सगळी गल्ली भेटायला आली, तू नाही आलीस. घरात मंगलकार्य आहे म्हणालीस. बरं, नंतर तरी? एका शब्दानं विचारलं नाहीस. तो राग खाकऱ्यावर निघाला बघ. मला माफ कर."

नऊ वर्षं त्या खाकऱ्यावरचा एकेक डाग मला आठवत होता. तिची आई गेल्याचं एकदाही आठवलं नव्हतं. एकदाही! इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. भाषण राहिलं घशातच. खाली बसून मी तिचे पाय धरले.

"ऊठ गं वेडे, गुडघे दुखतील."

मी उठले नाही. तीस वर्षांच्या जावा आम्ही, आणि मला एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती.

"भाभी, आईंचं नाव काय होतं?"

"झवेरबेन," ती म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

जिथे तेव्हा जायला हवं होतं, तिथे मी नऊ वर्षांनी पोचले होते.