ओनोरातोकाकांचा होकार

साथीच्या त्या उन्हाळ्यात ब्राउन्सव्हिलच्या इस्पितळात सगळे म्हातारे पेशंट नर्स यादिराला 'पोरी' म्हणत. आणि एकदा पोरगी म्हटलं की हक्कानं उशी, पाणी, जावयाची गाऱ्हाणी, सगळं आलंच.

ओनोरातोकाका मात्र काही मागत नसत. जन्मभर ट्रकमध्ये संत्र्यांच्या पेट्या चढवलेला माणूस. "पालथं झोपा, श्वास मोकळा होईल," हे डॉक्टरांचं सांगणं यादिरा त्यांना स्पॅनिशमधून सांगायची. "हो हो, डॉक्टरसाहेब, देव तुमचं भलं करो," काका म्हणायचे. डॉक्टर समाधानानं पुढे जायचे. त्यांची पाठ वळली की काका पुन्हा उताणे.

हे यादिराच्या उशिराच ध्यानात आलं. खरं तर तिचे वडील अगदी असेच. मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं. तेव्हा 'हो' म्हणायचं आणि आपलंच करायचं.

दुपारी काकांचा ऑक्सिजन आणखी उतरला. संध्याकाळपर्यंत चढला नाही तर घशात नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. नळी घातलेले फार थोडे घरी गेले होते.

यादिरा खाटेशी जाऊन उभी राहिली. "काका, तुमचा 'हो' आता मला कळलाय. पालथं का होत नाही, ते सांगा. का काकूंना फोन लावू?"

"तिला कशाला..." काका धापा टाकत म्हणाले. "पोरी, हा झगा मागून उघडा आहे. इथं सगळ्या बायकाच."

मास्कआडचं हसू काकांना दिसलं नाही, ते बरंच झालं. यादिरानं फोन लावलाच, स्पीकरवर टाकला आणि झग्याची अडचण काकूंना सांगितली.

"चाळीस वर्षं बघतेय मी," ओफेलियाकाकू पलीकडून म्हणाल्या. "बघण्यासारखं काही नाहीये, म्हाताऱ्या. हो पालथा."

"पोरगी ऐकतेय, ओफेलिया."

"ऐकू दे. लाजेपायी मला विधवा करणार आहेस का?"

यादिरानं ऑपरेशनवाल्यांच्या कपाटातून एक सुती विजार पैदा केली. ती चढवताना तिनं आणि जोडीच्या नर्सनं छताकडे बघायचं कबूल केलं, आणि बव्हंशी पाळलं. मग काका निमूट पालथे झाले. ऑक्सिजनचा आकडा रेंगाळत, कुरकुरत वर चढू लागला.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आज नळी नको. असंच झोपवून ठेवा.

यादिरानं काकूंना फोन करून सांगितलं. विजारीची गोष्टही सांगितली.

"विजार कुठल्या रंगाची आहे?"

"निळी."

"निळा त्याला शोभतो," नाक ओढत काकू म्हणाल्या. "पण त्याला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."