चष्मेबाईच्या घरचा डोळा

अपघात विभागातल्या त्या सिस्टरला सगळे मागून चष्मेबाई म्हणत. तिच्या नाकावर चष्मा नव्हता. नाकावर असायचा तो राग. कामावरून डोळा धरून कुणी आत आला की नाव विचारायच्या आधी ती विचारायची, "चष्मा कुठे होता?"

"कपाळावर," पेशंट पुटपुटायचा.

"वा! कपाळानंच बघता वाटतं तुम्ही!"

तिचं तरी काय चुकत होतं? कुणी वेल्डिंगची गंमत बघत उभा राहिलेला, कुणाच्या डोळ्यात चुना गेलेला, कुणाच्या उकळतं तेल उडालेलं. पाणी मारा, चोळू नका, लगेच या, हे सांगून सांगून घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी! त्यातही डोकं फिरायचं ते वर्कशॉपवाल्यांमुळे. लोखंडाचा कण बुबुळात रुतला की हे शहाणे आधी शेजारच्याकडे जाणार. तो काडीला रुमालाचं टोक गुंडाळून कण टोकरून काढणार. आणि डोळा पिकला की मग स्वारी हिच्यासमोर.

बरं, या टोकरण्यात सगळ्यात नावाजलेला हात कुणाचा? तर हिच्याच नवऱ्याचा!

तो ग्राइंडरवर हत्यारांना धार लावायचा. नजर अशी की केसाएवढा फरक पकडेल. त्या नजरेवरच त्याची नोकरी होती. अख्ख्या वर्कशॉपचा तो मामा. कुणी "मामा, जरा बघा ना" म्हणायचा अवकाश, हातातलं काम टाकून हा त्याची पापणी उलटी करायला तयार.

"या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सांगितलंय कुणी?" ती कडाडायची. "तुम्ही टोकरता आणि निस्तरते मी!"

"अगं, हात हलका आहे माझा."

"हात नाही, डोकं हलकं आहे!"

मग एकदा त्यानं कण काढलेल्या एका माणसाचा डोळा फार बिघडला. त्या दिवशी ती घरी आली ती धुमसतच. "यापुढे डोळ्याबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही!" असं ठणकावून तिनं अबोला धरला. मग दोन रात्री तो जेवताना भिंतीकडे तोंड करून बसला, दिवा डोळ्यावर येतो म्हणून लवकर झोपला. बसलाय फुगून, बसू दे, म्हणत तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि एका दुपारी ड्यूटीवर, ट्रेमध्ये थेंबांच्या बाटल्या लावत असताना मागे पावलं वाजली. वळायच्या आधीच तिनं सवयीनं विचारलं, "चष्मा कुठे होता?"

"माझ्या डोळ्यातलं बघायला मामांनी काढला होता," एक ओशाळलेला आवाज म्हणाला. "शेजारचं ग्राइंडर चालूच होतं, मामी."

ती गर्रकन वळली. सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून नवरा उभा होता. डोळा लालबुंद, पापण्या चिकटलेल्या.

"कधी झालं हे?"

"परवा," सोबती म्हणाला.

डॉक्टरांनी कण काढला. पण त्याच्याखाली बुबुळाच्या मधोमध पांढरट डाग पडला होता. त्यांनी चांगला डोळा झाकला आणि तिला बोटं दाखवायला सांगितलं. तिनं तीन बोटं वर केली.

"किती?"

तो बराच वेळ बघत राहिला. "बोटं आहेत एवढं कळतंय," म्हणाला.

"डाग राहणार," डॉक्टर म्हणाले. "धार लावायचं काम आता कठीण आहे. पहिल्या दिवशी आला असतात तर एवढं चिघळलं नसतं. घरात सिस्टर असून असं कसं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दोन दिवस तोंड शिवलं होतं का तुमचं? मला सांगायला काय धाड भरली होती?"

तो आवाजाच्या दिशेनं वळला. रागानं नाही, साधेपणानं म्हणाला, "डोळ्याबद्दल बोलायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस ना."

तिची तीन बोटं अजून तशीच वर होती.