आमच्या गावात मौन दोनदा पाळलं

मंडळी, गेलेल्या माणसासाठी मौन किती वेळा पाळायचं असतं? सकाळपासून किळस आलीय, म्हणून विचारतोय.

आज आमच्या गावी, बावड्यात, आमच्या नेत्यांची शोकसभा होती. शेजारचे म्हादूतात्या माझ्यासोबत होते. तरणेपणी ते मेंढरं घेऊन हिंडायचे. त्यांच्या वस्तीवर वीज आली ती या नेत्यांमुळं. पहिला दिवा लागला तेव्हा नेते स्वतः आले आणि तात्यांच्या घोंगडीवर बसून भाकरी खाऊन गेले. तात्या ते अजून सांगतात.

सगळे उभे राहिलो, मौन पाळलं. तात्या हुंदके देत होते. आम्ही खाली बसतोय तोच झेडपीच्या एका भावी उमेदवाराची गाडी आली. लगेच माइकवरून आवाज, "साहेबांचा फोटो राहिला. सगळ्यांनी परत उभं राहा, मौन परत घेऊ."

आणि लोक उठले हो!

उमेदवारसाहेबांनी गॉगल काढला, मान खाली घातली. फोटोवाला कुजबुजला, "जरा इकडं बघा." त्यांनी बघितलं. श्रद्धांजलीला आले होते का साखरपुड्याला, देव जाणे!

तात्या मात्र बसूनच. मीही उठलो नाही. एक कार्यकर्ता खेकसला, "ओ तात्या, उठा की! गेलेल्या माणसाचा मान ठेवा जरा."

तात्या डोळे पुसत म्हणाले, "त्येंचा मान मगाशीच ठिवला. आता ह्यो कुणाचा हाय?"

सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. पण कुणी तोंड उघडलं नाही.

मौन चालू होतं ना!