कुत्र्याच्या छत्रीची कॉफी

पारूबाई सुनेवर जळते, असं गल्लीत कुणी तोंडावर म्हटलं असतं तर पारूबाईनं त्याची उभ्या उभ्या हजेरी घेतली असती. पण खरं ते खरं. उन्हाळ्यापासून बाई जळत होती. आणि कशावर, तर सुनेच्या उपाशी राहण्यावर! सुनेच्या साड्यांवर, माहेरच्या कौतुकावर जळणाऱ्या सासवा पुष्कळ असतात. पण सून जेवत नाही म्हणून जिच्या पोटात दुखतं, अशी सासू सोलापुरात ही एकच असेल.

त्याचं झालं असं. मनाली, म्हणजे पारूबाईच्या दिपकची बायको, विम्याच्या ऑफिसात कामाला. दिवसभर खुर्चीत बसून पोरगी अंगानं सुटली होती. फेब्रुवारीत तिनं मोबाईलमध्ये एक ॲप घेतलं आणि घरात जाहीर केलं, की आता सोळा तास उपाशी राहायचं आणि उरलेल्या आठ तासांत काय ते जेवून घ्यायचं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. मग तोंड बंद. त्याला इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात म्हणे. उपाशी तासांत पाणी आणि कॉफी चालते. कॉफी तरी कसली? मशरूमची! खाकी पाकीट घरपोच आलं, वर अळंबीचं चित्र.

पारूबाईनं पाकीट लांबूनच बघितलं. तिचं माहेर मंद्रूपचं. पावसाळ्यात उकिरड्यावर असल्या गोष्टी उगवायच्या, त्यांना सगळं गाव कुत्र्याच्या छत्र्या म्हणायचं आणि पोरांनी हात लावला तर पाठीत धपाटा बसायचा.

"कुत्र्याच्या छत्रीची कॉफी पेतीस?" पारूबाई म्हणाली. "बरी हायेस न्हवं?"

"आई, तसली नसते हो ती," मनाली हसून म्हणाली. "त्यानं भूक लागत नाही, डोकं शांत राहतं."

पारूबाईनं शेजारपाजारी ही गोष्ट चवीनं सांगितली आणि चार दिवस मनसोक्त हसून घेतलं. पाचव्या दिवशी हसू आटलं. सकाळी सहाला ती उठून बघते तर गॅसपाशी दिपक उभा! ज्या पोरानं आयुष्यात कधी दूध उतू जाताना गॅस बंद केला नाही, तो बायकोसाठी पाणी उकळून, त्यात ती तपकिरी पूड ढवळत, वर चमचाभर खोबरेल तेल सोडत होता. मोबाईलमध्ये बघून बघून. ते तेल म्हणे ताकद देतं. पारूबाई दारात उभी राहिली. "मलाबी करतोस का चहा?" असं तिच्या ओठांवर आलं होतं. भांडी मात्र त्या दिवशी जरा जोरातच आदळली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बाई नुसतीच खवट वाटेल. उपाशी राहणं ही पारूबाईची जहागीर होती. लहानपणीचा दुष्काळ तिनं बघितलेला. आई पोरांना भाकरीचे तुकडे वाटून द्यायची आणि स्वतः तांब्याभर पाणी पिऊन "माझं झालंय" म्हणायची. लग्न होऊन सोलापुरात आली तर थोड्याच वर्षांत नवऱ्याची, जालिंदरची, गिरणी बंद पडली. मग अंगणवाडीत मदतनिशीचं काम धरलं. सकाळी दुसऱ्यांच्या लेकरांना खिचडी वाढायची आणि दुपारी घरी येऊन आपल्या लेकराला काय द्यायचं ते बघायचं. भूक तिच्या ओळखीची होती, आणि दर वेळी ती दुसऱ्या कुणीतरी लादलेलीच होती.

एकोणीस वर्षांपूर्वी वर्षावासात, म्हणजे भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहतात तेव्हा, वस्तीतल्या बुद्धविहारात एक भन्तेजी आले. पौर्णिमेचा उपोसथ कसा करायचा ते त्यांनी बायकांना शिकवलं. सकाळी पांढरं नेसून आठ शीलं, म्हणजे चोरी नको, खोटं नको, अवेळी जेवण नको अशी आठ व्रतं, घ्यायची, दुपारी बाराच्या आत एकदा जेवायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही. पाणी, लिंबाचं सरबत, बिनदुधाचा चहा चालतो. दूध चालत नाही, ते अन्नच. पारूबाईनं शीलं घेतली. त्या संध्याकाळी पोटात कावळे कोकलत होते आणि ती विहाराच्या पायरीवर ताठ बसली होती. पहिल्यांदाच ही भूक तिची स्वतःची होती. आपण ठेवली, आपणच सोडणार.

तेव्हापासून एक पौर्णिमा मोडली नाही. ताप असताना नाही, दिपकच्या लग्नात नाही, जालिंदर गेला त्या महिन्यातसुद्धा नाही. बाकीच्या बायका चार-सहा महिने करायच्या आणि सोडायच्या. कुणाला साखर, कुणाला पित्त. पारूबाई मात्र पहिल्या रांगेत. नवी बाई विहारात आली की महिला मंडळाच्या सारजाबाई बोट दाखवून म्हणायच्या, "ह्या आमच्या पारूबाई. एकोणीस वर्षं अखंड." बस. साऱ्या आयुष्यात तिच्या नावापुढं लावण्यासारखं एवढंच होतं, आणि ते तिला पुरत होतं.

आषाढापर्यंत मनाली अकरा किलो उतरली. आणि आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अगदी सहज म्हणाली, "आई, मीपण करते उद्या उपोसथ. माझे सोळा तास असतातच, दोनच तर वाढतील."

असतातच! दोनच तर! पारूबाईला वाटलं, कुणी भर बाजारात आपला पदर ओढला. पण विहारात यायला नको कसं म्हणणार?

मग विहारातही तेच. सगळ्या बायका मनालीभोवती. किती उतरलीस गं, काय खातीस, ती कॉफी कुठं मिळती? सारजाबाईंनी तर श्रावणात तिला पंधरा मिनिटं बोलायला उभं केलं. उपाशी राहिल्यावर शरीरातल्या पेशी कशा स्वच्छ होतात ते मनालीनं सांगितलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. पारूबाई मनात म्हणाली, एकोणीस वर्षं माझ्या पेशी कुटं गेल्या होत्या? कुणी इचारलं न्हाई ते! घरी दिपक म्हणाला, "बघितलंस आई, हिचा कंट्रोल?" पारूबाई म्हणाली, "बघितला की." आणि उठून मोरीत जाऊन हातपाय धूत बसली, कारण तिथं तोंड कुणाला दिसत नव्हतं.

भाद्रपद संपता संपता सारजाबाई घरी आल्या. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्या संध्याकाळी मंडळातर्फे पहिल्यांदाच शाल देऊन सत्कार करायचा ठरला होता. ज्यांनी वर्षावासाचे सगळे उपोसथ न मोडता केले त्यांचा.

"दोनच नावं निघाली," सारजाबाई खुशीत म्हणाल्या. "सासू आन् सून. एकाच घरात! लई शोभून दिसंल बगा."

एकोणीस वर्षं आणि चार पौर्णिमा, एकाच मापाची शाल. पारूबाईनं चहा पुढं केला आणि "व्हय, लई शोभंल" म्हणाली. त्या रात्री तिला झोप नाही.

अश्विन पौर्णिमा उजाडली. दोघींनी सकाळी विहारात शीलं घेतली, साडेअकराला जेवल्या. मनाली फ्लास्क घेऊन ऑफिसला गेली. फ्लास्क अर्थातच दिपकनं भरून दिलेला. पारूबाई घरी एकटी. तीन वाजले आणि त्या दिवशी तिला काही केल्या सोसेना. वय झालं होतं, दुसरं काय! डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. आणि मनात एकच गोष्ट घोळायला लागली: ती पोरगी आत्ता ऑफिसात टवटवीत बसली असणार. संध्याकाळी टवटवीत तोंडानं शाल घेणार, आणि आपण शेजारी वाळल्या पडवळासारख्या. सगळी करामत त्या पाकिटात आहे. ती चोरून भूक मारते, आणि आपण खरी सोसतो.

बिनदुधाची कॉफी तर चालतेच की. तिनं पाकीट काढलं, पाणी उकळलं, दोन चमचे पूड घातली. एक घोट घेतला. अगं आई गं! पावसात भिजलेल्या पोत्याचा वास आणि कडूजहर चव. दुसरा घोट घशाखाली जाईना. तिनं फ्रीज उघडला, पातेलं काढलं, पेलाभर दूध ओतलं, गुळाचा खडा टाकला आणि उकळी आणली. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. कडू झालं की दूध-गूळ. हात आपोआप चालले. अर्धा कप गोड लागला, अंगात ऊब आली, आणि मग तिची नजर ओट्यावरच्या दुधाच्या पातेल्याकडं गेली.

तिथंच तिनं फतकल मारली. एकोणीस वर्षं! ताप आला, लग्न झालं, मरण झालं, तेव्हा टिकलेली एकोणीस वर्षं, आणि मोडली कशानं तर कुत्र्याच्या छत्रीनं! रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला, आणि रागारागात तिनं उरलेला अर्धा कपही पिऊन टाकला. मोडलं ते मोडलंच. मग कप घासला, पातेलं घासलं, पाकिटाला पहिल्यासारखी घडी घातली, चार वेळा चूळ भरली. कुणी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी विहार भरलेला. भन्तेजींचं प्रवचन झालं, सारजाबाईंनी माईक घेतला. टेबलावर दोन शाली. पारूबाई पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसली होती. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की बोलायचं नाही. एका पेल्यासाठी एवढी वर्षं पाण्यात घालायची नाहीत.

भन्तेजींनी दोघींना पुढं बोलावलं आणि नेहमीच्या शांतपणे विचारलं, "सगळे उपोसथ नीट पाळले गेले?"

पारूबाई तोंड उघडणार, तोच मनाली म्हणाली, "भन्तेजी, माझं नाव काढा. मी उपोसथाला दुपारी कॉफी पिते, त्यात रोजच्यासारखं चमचाभर तेल असतं. काळी कॉफी चालते म्हणून पीत राहिले. आज ऑफिसात बसल्यावर डोक्यात आलं, तेल म्हणजे अन्नच झालं. चारही पौर्णिमांना प्यायले. म्हणजे माझा एकही झाला नाही."

बायकांत कुजबुज सुरू झाली. किती खरी पोरगी! कोण सांगतं का असं? सारजाबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. आणि एक शाल बाजूला ठेवून दुसरी घेऊन सारजाबाई पारूबाईकडं वळल्या.

पारूबाईला हवं होतं ते समोर आलं होतं. एकटीचा सत्कार. सून बाजूला. पण हॉलमधल्या सगळ्या नजरा कुठं होत्या? मनालीवर. शाल न घेता पोरीनं शालीपेक्षा जास्त नेलं होतं! इथंसुद्धा! खरं बोलण्यातसुद्धा ही पुढं! पारूबाईच्या अंगाचा असा भडका उडाला, की तिनं सारजाबाईंच्या हातातला माईकच ओढून घेतला.

"हिनं चमचाभर त्याल घातलं," ती म्हणाली, "मी पेलाभर दूध घातलं. आजच. गूळबी घातला. आन् कॉफी कुणाची, तर हिची. न इचारता घेतली, म्हंजी चोरीच की. हिचं एकच शील मोडलं, माझी दोन मोडली. आन् आत्ता गप बसनार व्हते, म्हंजी खोटं बोलन्याचं तिसरं."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा विहार हसायला लागला. भन्तेजीही हसले. म्हणाले, "शीलं पुन्हा घेता येतात, माई." हसणं वाईट नव्हतं, त्यात माया होती. पण पारूबाईच्या कानात शिरला तो सारजाबाईंचा आवाज, त्या दोन्ही शालींच्या घड्या पिशवीत घालत शेजारणीला म्हणत होत्या, "ह्या वर्षी कुणीच न्हाई बगा." ह्या वर्षी कुणीच नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी जाताना सासू-सून गल्लीतनं चालत होत्या. पारूबाईचा पदर डोळ्यांना लागला होता आणि तो तिनं लपवलाही नाही.

"आई," मनाली म्हणाली, "मागितली असती तर मी करून दिली असती की."

पारूबाई जागीच थांबली. "मागता आलं असतं तर जळले कशाला असते? एकोणीस वर्षं त्या घरात उपाशी बसले मी, मनाली. जालिंदरनं न्हाई, दिपकनं न्हाई, एका माणसानं कधी म्हटलं न्हाई, की भूक लागलीय का गं तुला. आन् तू चार दिस बसलीस तर माझा ल्योक गॅसपाशी उबा!"

मनालीनं सासूच्या हातातली मेणबत्त्यांची पिशवी आपल्याकडं घेतली. दोघी पुन्हा चालायला लागल्या. वाण्याच्या दुकानापाशी आल्यावर मनालीनं हळूच विचारलं, "आई, भूक लागलीय?"

"आता सांगितल्यावर इचारतीस व्हय?" पारूबाई फणकारली आणि तरातरा पुढं निघाली.

चार पावलांवर ती थांबली. मागं वळून न बघताच म्हणाली, "लागलीय. लई लागलीय."