उभ्या बाई

आमच्या आश्रमशाळेत बाईंना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्या उभ्यानं शिकवायच्या, उभ्यानंच डबा खायच्या आणि शिक्षकांची सभा असली तरी दाराच्या चौकटीला खांदा लावून रस्त्याकडे बघत राहायच्या. नाशिककडच्या हरसूलच्या डोंगरात आमच्या शाळेपर्यंत गाड्या येऊन येऊन किती येणार? तरी लांबवर जीपचा आवाज आला की बाईंचा खडू फळ्यावर थांबायचा. जीप दुधाची किंवा बाजाराची निघाली की अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, बसा हो जरा. खुर्ची काही चावत नाही." बाई हसायच्या. "बसली की माझे कान बसतात, सर." आम्ही मुलींनी त्यांचं नाव 'उभ्या बाई' ठेवलं होतं.

नव्वदच्या दशकात त्या गडचिरोलीहून बदली होऊन आमच्याकडे आल्या. बोलणं तिकडचं. "काहून रडून राहिली तू?" असं त्यांनी विचारलं की रडणारी मुलगीसुद्धा खुदकन हसायची. रात्री वसतिगृहात आम्ही त्यांच्या नकला करायचो. त्यांना ते माहीत होतं, पण त्या कधी रागावल्या नाहीत.

दर शनिवारी कवायतीच्या तासाला त्या आम्हाला एक वेगळंच शिकवायच्या. टाळी वाजली की खिडकीच्या खालच्या भिंतीला चिकटून पालथं पडायचं, लहान पोरींना आत घ्यायचं, उठायचं नाही. बाकीचे शिक्षक चेष्टा करायचे. एकदा मी विचारलं, "बाई, हे भूकंपासाठी का?" त्या म्हणाल्या, "भूकंपच समज." मग एकदा रस्त्याकडे बघून त्यांनी पुन्हा टाळी वाजवली.

मी दहावीला असतानाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. आमच्या भागात दोन गटांत भांडण पेटलं, बाजारातली दुकानं जळली आणि बंदोबस्ताला हत्यारबंद पोलीस आले. पक्की इमारत, विहीर, मोठं स्वयंपाकघर असं फक्त आमच्या शाळेत होतं. एका सकाळी ट्रक आवारात शिरले. दुपारपर्यंत सातवीच्या वर्गात बंदुका भिंतीला टेकल्या आणि आमच्या बाकांवर गणवेश वाळत पडले. मुख्याध्यापकांनी सांगितलं, "वातावरण निवळेपर्यंत सगळ्यांनी घरी जा."

आम्ही आपापल्या पत्र्याच्या पेट्या घेऊन व्हरांड्यात उभ्या होतो, तेव्हा बाई पोलिसांच्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुम्ही इथे राहू नका."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, माझी माणसं या थंडीत कुठे झोपवू? आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"तिकडे गडचिरोलीतही असंच म्हणाले होते. आधी पोलीस शाळेत राहिले. ते गेल्यावर जंगलातली माणसं आली आणि पोलीस परत येऊ नयेत म्हणून त्यांनी इमारतच पाडली. दोघांचंही माझ्या पोरांशी भांडण नव्हतं. शाळा मात्र पोरांचीच गेली."

"इथे जंगलवाले नाहीत, मॅडम."

"बंदूक आत आली की दगड मारणाऱ्याला शाळा दिसत नाही, साहेब. छावणी दिसते."

साहेबांनी मान हलवली, पण ट्रक हलले नाहीत. आम्ही गेलो.

आमच्याकडे 'घरी जा' म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्या दिवसांत आमच्या पाड्यांवर घरी कोणी नसायचंच. भात निघाला की सगळे दिंडोरीकडे द्राक्षबागांवर मजुरीला. मीही आईवडिलांपाशी बागेत गेले आणि द्राक्षाचे घड औषधात बुडवू लागले. दोन हात जास्त झाले म्हणून मुकादम खूश होता. आठवड्यातच मला वाटायला लागलं की आपली शाळा संपली. वाईट म्हणजे, त्याचं फारसं काही वाटेनासंही झालं होतं.

एक दिवस बागेच्या बांधावरून बाई येताना दिसल्या. चपला चिखलानं भरलेल्या, केस विस्कटलेले.

"काय करून राहिली तू इथे?" त्यांनी विचारलं. "चल. गणित राहिलं आहे."

माझे वडील मध्ये आले. "बाई, तिथं बंदुकवाले हायेत. पोरीला कशी धाडू?"

"गेले ते. भाताच्या गोडाऊनमध्ये गेले."

ते कसं झालं, हे मला आमच्या स्वयंपाकीण मावशींनी नंतर सांगितलं. बाईंनी सरपंचाच्या घरी खेटे घालून गावाबाहेरचं भाताचं गोडाऊन उघडायला लावलं आणि तिथे टँकरनं पाणी द्यायचं कबूल करून घेतलं. तोवर गावातली जी पोरं जाऊन-येऊन शाळेत यायची, त्यांना त्या रोज साहेबांच्या खिडकीखाली, उघड्या मैदानात शिकवत होत्या. सकाळी पाढे, दुपारी पाढे. शेवटी साहेब म्हणाला, "मॅडम, माझी माणसं रात्रपाळी करून येतात आणि तुमचे पाढे झोपू देत नाहीत. दाखवा ते गोडाऊन." ट्रक गेले. वायरलेसचं यंत्र आणि दोन शिपाई तेवढे शाळेच्या ऑफिसात राहिले. ते काही बाईंना घालवता आले नाहीत आणि ते त्यांना शेवटपर्यंत खुपलं.

माझ्या वडिलांनी मला धाडलं. मग बाई मला बरोबर घेऊन बागा पालथ्या घालू लागल्या. मुली कुठल्या बागेत आहेत ते शोधायला मी, बापांशी वाद घालायला त्या. एकेक करून आमचा वर्ग गोळा झाला. मंजुळा तेवढी राहिली. ती आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिचं लग्न लावायला घरचे बागेवरून पाड्यावर परतले होते; तिथे पोचलो तर तिच्या अंगाला अजून हळद होती. बाईंना पाहून ती झोपडीच्या आत गेली, बाहेर आलीच नाही. तिची आई म्हणाली, "शाळा बंद पडली म्हून सांगलं. मग घरात ठेवून काय करू?"

परतताना बाई इतक्या भरभर चालत होत्या, की मला पळावं लागत होतं. चालता चालताच म्हणाल्या, "तिकडे शाळा पडल्यावर मी झाडाखाली वर्ग भरवला. निम्मी पोरं आलीच नाहीत. दोन-तीन वर्षांनी एक मुलगी रस्त्यात भेटली, माझ्या चौथीतली. खांद्यावर बंदूक. 'बाई' म्हणाली आणि मान खाली घालून उभी राहिली, गृहपाठ विसरल्यासारखी." पुढे उतार उतरताना त्या म्हणाल्या, "मला तिला काही विचारताच आलं नाही."

आम्ही परीक्षा दिली. बहुतेक जणी पास झालो. निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी पेढे वाटले. बाईंनी आपला पेढा कागदात बांधला आणि तो मंजुळाच्या पाड्यावर पोचवायला मला धाडलं.

पुढच्या वर्षी कळलं की बाईंनी बदली मागितली आहे, तीही परत गडचिरोलीला. तिथून निघण्यासाठी लोक मंत्रालयापर्यंत वशिले लावतात. बाईंच्या बदलीचा हुकूम मात्र लगेच आला. आम्ही काही मुली त्यांना निरोप द्यायला नाशिकला आलो. द्वारकेच्या चौकात नागपूरच्या गाडीची वाट बघत होतो. ट्रक, रिक्षा, हॉर्न यांच्या गोंधळात बाईंची नजर भिरभिरत होती.

मी म्हटलं, "बाई, तिकडं भीती नाही वाटत?"

"वाटते ना. इथेही वाटतच होती." मग माझ्या वेणीचं सुटलेलं टोक बांधत म्हणाल्या, "तिथल्या पोरांना बदली मागता येत नाही ना."

गाडी आली. त्या हात न हलवता चढल्या.

पुढे मी एसटीत कंडक्टर झाले. बाईंची पत्रं दोन वर्षं आली. मग त्यांना आणखी आतल्या गावात पाठवलं असं कळलं आणि पत्रं थांबली. मी लिहिलेलं पाकीट परत आलं. मंजुळा कधीमधी माझ्या गाडीला असते. तिची मुलगी आता शाळेत जाते. मंजुळा दर वेळी विचारते, "बाईंचं काय कळलं?" मी नाही म्हणते.

डेपोत सकाळी पेपर येतो. त्यात गडचिरोलीची बातमी असली की मी ती उभ्याउभ्याच शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. गावाचं नाव बघते, शाळेचा उल्लेख आहे का बघते, नावं बघते. त्यात बाई नसतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. मी पेपर टेबलावर ठेवते आणि गाडीत चढते.