त्याच्या नावाला ‘हाय’

जानेवारीत धर्मासाठी जीव दिलेल्या दोन रक्तसाक्षी संतांचा सण एकाच दिवशी येतो. एक रोमचा पोप, दुसरा अंगावर बाण झेललेला शिपाई. आम्ही जुळे भाऊ नेमके त्याच दिवशी जन्मलो, म्हणून पोपचं नाव मला आणि शिपायाचं त्याला. नावांची अदलाबदल झाली, असं आई चिडून म्हणायची, कारण भांडखोर मीच होतो. आवाज मात्र दोघांचा एक. अख्खं गाव फसायचं.

बिडकीनजवळच्या आमच्या गावच्या चर्चमध्ये त्या दिवशी एक रीत आहे. मिस्सेची उपासना संपत आली, की फादर त्या संतांची नावं ठेवलेल्या माणसांना पुकारतात. ज्याचं नाव, तो उठून म्हणतो, “हाय.” कुणी परगावी असला, तर घरचं माणूस त्याच्या वतीनं म्हणतं. मेलेल्याच्या नावाला सगळे गप्प राहतात.

भाऊ घर सोडून गेला, तो माझ्याशीच भांडून. दोन वर्षांनी सुरतेहून मला फोन आला. एकटाच गेलो, त्याचं दफन केलं आणि आईला काहीच सांगितलं नाही. हिंमतच झाली नाही. तेव्हापासून दर सणाला त्याच्या नावाला मी बेधडक ‘हाय’ म्हणत आलो, तेही देवाच्या घरात. लाज वाटायची, पण म्हणायचो.

आई आता माझ्याकडे चिकलठाण्यात असते. तिला फारसं दिसत नाही. यंदाही सकाळी तिला गाडीवर बसवून गावी नेलं. माझं नाव आलं, मी ‘हाय’ म्हटलं. मग त्याचं आलं. काही केल्या माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मागच्या बाकावरून आवाज आला, “हाय.”

माझाच आवाज. मी वळून पाहिलं. बाक रिकामा होता, त्यावर कुणाचं तरी गीतांचं पुस्तक तेवढं पडलं होतं. फादरांनी पुढचं नाव घेतलं. मी भ्यालो होतो, सरळ सांगतो.

बाहेर लिंबाखाली आईनं माझा हात धरला.

“आज तू नाय बोलला.”

“नाय.”

“दरसाली तूच बोलायचा. मला कळायचं रं. वाटायचं, ह्याला ठावं असंल त्यो कुठंय, म्हणून बोलतोय. आज त्यो सोता बोलला, पन माझ्याजवळ आला नाय.”

आता ती त्याला हाक मारायला सांगणार, असं मला वाटलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला.

“कुठं माती दिलीस त्याला?” तिनं विचारलं.